चावी ज्याच्या खिशात

"ओ दादा! हात मागे घ्या आधी! मागे!"

रचना इतक्या जोरात ओरडली की सुरूच्या झाडाच्या शेंड्यावरचे कावळे उडाले. ओरडता ओरडताच तिनं चावी फिरवली. इंजिनाची धडधड थांबली, पण आतला ड्रम काही लगेच थांबत नाही. तो आपला घरघरत राहिला, जेवण झाल्यावरही तोंड हलवत बसलेल्या म्हशीसारखा.

समोरचा माणूस मधुमालतीच्या वेलींचा भलाथोरला भारा छातीशी कवटाळून तसाच उभा होता. हिरव्या गुंत्याआडून फक्त त्याचे डोळे दिसत होते. ते घाबरलेले नव्हते, चक्क हसत होते. त्याचाच तिला जास्त राग आला.

"उजवा हात दाखवा."

"भविष्य बघता का?"

"दाखवा म्हटलं ना!"

त्यानं भारा खाली टाकला आणि शहाण्या मुलासारखा हात पुढे केला. मनगटाला लालपिवळा दोरा होता, करंगळीएवढा जाड, खाली गोंडा लोंबत असलेला.

"हा दोरा घालून माझ्या मशीनजवळ आलात ना," रचना म्हणाली, "तर या हाताला भविष्यच नाही."

मागे झावळ्या तोडत बसलेल्या भिमाबाई खदखदून हसल्या. "ऐकलंस न्हवं? आता दक्षिणा दे की रं!"

काशीदच्या किनाऱ्यापासून जरा वर, डोंगराच्या अंगाला बंगल्यांची रांग आहे. बंगलेवाले महिन्यातून दोन दिवस येतात. त्यांना सावली पाहिजे, फोटोत फुलं पाहिजेत. पाला मात्र कुणाला नको. मग वर्षानुवर्षं तो पाला रस्त्याकडेला पेटवला जायचा आणि धूर खायचा गावानं. बंगलेवाल्यांना धुराचा त्रास कधी झाला? वारा फिरून तो त्यांच्या पोहण्याच्या तलावावर आला तेव्हा. लगेच तक्रारी, लगेच बैठका. तर ते असो. त्या भानगडीतून डोंगरापलीकडच्या गावातल्या बायकांच्या गटाला पाला बारीक करायचं मशीन मिळालं, चिपर. मिळालं खरं, पण ते चालवायला पुढे एकच आली, भागोजीची रचना. वय चोवीस, बारावी पास, तीनचाकी टेम्पो चालवणारी. टेम्पोमागे मशीन जोडायची, शेजारी भिमाबाईंना बसवायची, की निघाली.

तिच्या कामाचा एक वेश होता. ओढणी नाही, बांगडी नाही, घड्याळ नाही, केस घट्ट अंबाड्यात आणि वर टोपी, डोळ्यांना जाड चष्मा. "पोरीच्या जातीला शोभतं का हे," असं म्हणणाऱ्यांना ती एवढंच सांगायची, "मशीनला शोभतं."

"वेल म्हणजे फांदी नव्हे," तिनं त्या हसऱ्या डोळ्यांना ऐकवलं. "फांदी मोडते, वेल तुटत नाही. तिचं एक टोक आत ड्रमनं धरलं आणि दुसरं तुमच्या हाताला, नाहीतर या दोऱ्याला गुंतलेलं असलं... की मग सोडायलाही वेळ मिळत नाही."

वाक्य संपवताना तिनं स्वतःची बोटं मुठीत घेतली. ती लहान असताना तिचे बाबा भातगिरणीत कामाला होते. बोटाला कापलं म्हणून त्यांनी चिंधी बांधली होती. ती चिंधी पट्ट्यात गेली आणि डाव्या हाताची दोन बोटं तिच्यासोबत गेली. अजूनही भागोजी पोरीच्या डोक्यावर हात ठेवतात तेव्हा तिला तीनच बोटं लागतात.

"काढून टाका दोरा."

"नाही काढता येणार." आता तो हसत नव्हता. "आईनं देवीपुढे बांधलाय. माझं लग्न जमेपर्यंत काढायचा नाही, असा नवस आहे तिचा."

"मग लग्न जमवा, नाहीतर लांब राहा! माझ्या घरीही परित्राण पाठ होतो, भंतेजी पांढरा धागा बांधतात. तो मी डब्याच्या कडीला बांधते. श्रद्धा आपली असते हो, मशीनला ती दिसत नाही."

तो लांब राहिला. म्हणजे दहा पावलं लांब. बदामाच्या झाडाखाली कोयता घेऊन बसला आणि वेलींचे वीतभर तुकडे करायला लागला. नाव गणराज. पाच बंगल्यांच्या बागा तोच बघायचा. संध्याकाळपर्यंत त्यानं मधुमालती, मनीप्लांट, कृष्णकमळ असं सगळं तोडून मुकाट्यानं ढीग लावला. जाताना म्हणाला, "मॅडम, एक सांगू? दादा नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"बघा... सुचेल काहीतरी. घाई नाही."

गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंत बागांचा मोसम असतो. पावसानं माजलेले वेल कुंपणं खातात, खिडक्यांत शिरतात. रचनाला रोज काम होतं. आणि गंमत अशी की ज्या बागा गणराजच्या नव्हत्याच, तिथंही तो कोयता घेऊन हजर असायचा. कधी म्हणे मित्राला मदत, कधी म्हणे सहज इकडून चाललो होतो. एकदा तर म्हणाला, "समुद्र बघायला आलो."

"समुद्र तिकडं हाय," भिमाबाई कोयत्यानं दाखवत म्हणाल्या. "तू तोंड इकडं करून बसलायस."

दुपारी डबे उघडले की तो शाळेतल्या पोरासारखा धडा म्हणून दाखवायचा. "एक. मशीनच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. दोन. ओली वेल नुसती घालायची नाही, मध्ये मध्ये सुकी फांदी घालायची, नाहीतर आत चोथा बसतो. तीन. हातानं नाही, काठीनं ढकलायचं. चार..."

"चार?"

"चार विसरलो. तुम्ही चष्मा काढलात की मी विसरतो."

"चार सगळ्यात मोठा आहे!" रचनाला हसू आवरत नव्हतं. ते लपवायला तिनं भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. "मशीन अडकलं तर आधी बंद, मग चावी काढायची, मग शंभर मोजायचे, ड्रम थांबलेला डोळ्यांनी बघायचा. आणि जो मशीन साफ करणार, चावी त्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही. चावी म्हणजे जीव."

"म्हणजे तुमचा जीव कायम तुमच्याच खिशात?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "वाट बघू."

एका सकाळी त्यानं तिला एक काठी आणून दिली. सुरूच्या लाकडाची, रंध्यानं तासून गुळगुळीत केलेली, टोकाला आडवी पट्टी ठोकलेली. वेल ढकलायला अगदी नेमकी. रचनानं ती हातात धरली. ना वाकायला लागत होतं, ना टाचा उंच करायला.

"माझ्या उंचीचं माप कधी घेतलंस?" तुम्हीचं तू झालं, ते तिच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या मात्र आलं.

"तू उभी असतेस ना, तेव्हा मशीनच्या नळकांड्याचा वरचा बोल्ट तुझ्या खांद्याशी येतो. तू डबा धुवायला गेलीस तेव्हा मी बोल्टापासून जमिनीपर्यंत मोजलं."

प्रेमात लोक चंद्रतारे आणतात म्हणे. आणोत बापडे. रचनाला चंद्राचं काय करायचं होतं? तिची दहाच्या दहा बोटं शाबूत राहावीत म्हणून कुणीतरी संध्याकाळभर लाकूड तासलं होतं. ती मशीनकडे वळली, चष्मा चढवला आणि त्याच्या आड गुपचूप डोळे पुसले. लाकडाचा भुसा गेला असेल.

पण तो दोरा अजून मनगटावर होता. आणि रचना खुळी नव्हती. ती बौद्धवाड्यातली, तो कुणब्याचा. काठी तासायला धीर लागत नाही. धीर कशाला लागतो ते पुढेच कळणार होतं.

दिवाळीला चार दिवस उरले होते. गणराज म्हणाला, "उद्या माझ्या घरी मशीन आण. परतीच्या पावसानं मागचा मायाळूचा मांडव पडलाय. आईला पायवाट उरली नाही." मग इकडेतिकडे बघत, "आई पण भेटेल."

"मशीनला की मला?"

"मशीन तर निमित्त गं..."

रचनानं त्या दिवशी नवा कुर्ता घातला. कामाला नवा कुर्ता! भिमाबाई वाटभर काही बोलल्या नाहीत, फक्त हसत राहिल्या. ते जास्त वाईट.

घर कौलारू, नीटनेटकं. टेम्पो रस्त्यावर ठेवून त्यांनी मशीन तेवढं मागे ढकलत नेलं. मागच्या वाडीत मांडव आडवा झालेला आणि त्यावर मायाळू नुसता माजलेला. जाड रसरशीत वेल, पिकून काळ्याजांभळ्या झालेल्या फळांनी लगडलेले. गणराजची आई, गोदूबाई, पदर खोचून बाहेर आल्या. हसतमुख बाई.

"या, या! लांबून आलात जणू. नाव काय गं तुजं? रचना व्हय... आणि यांचं? भिमाबाई." क्षणभर थांबल्या. "गाव कंचं?"

गाव सांगितलं, वाडी सांगितली. गोदूबाईंना हवं ते कळलं. हसू तेवढंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरून ओठांवर आलं.

थोड्या वेळानं चहा आला. ताटलीत दोन कानाचे कप, सोनेरी काठाचे. आणि दोन कागदाचे पेले.

कानाचा एक कप गणराजला, एक त्यांना स्वतःला. कागदाचे पेले या दोघींसमोर. अगदी प्रेमानं, "साखर बघ गं पुरं हाय का," असं विचारत.

रचनानं पेल्याकडे बघितलं, मग गणराजकडे. त्याला दिसलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो कपाकडे बघत बसला... आणि बोलला काहीच नाही.

भिमाबाईंनी पेला उचललाही नाही. "मला कागदाची चव वळखू येते, बाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "लय वर्सं पिली." आणि हात धुवायला विहिरीकडे गेल्या.

रचना उठली. "मला चहा चालत नाही," म्हणाली आणि घराला वळसा घालून थेट रस्त्यावरच्या टेम्पोत जाऊन बसली.

राग आईवर नव्हता. असले पेले तिनं शाळेपासून बघितले होते, मैत्रिणींच्या घरी, हळदीकुंकवाच्या दारी. त्यांची तिला सवय होती, आणि असल्या सवयीला आग लागो! राग होता त्या गप्प बसलेल्या माणसावर. काठी तासतो, माप घेतो, धडे पाठ करतो. आणि एका पेल्यापुढे याची वाचा बसते? जोडा मशीन, बांधा गाशा. तिनं निघायचं म्हणून खिशात हात घातला. टेम्पोची चावी होती...

मशीनची चावी नव्हती.

अडीच वर्षांत पहिल्यांदाच ती चावी मशीनला विसरली होती.

आणि तेवढ्यात घरामागे इंजिन धडधडलं.

रचना धावली. धावताना तिच्या कानांना एकच गोष्ट कळत होती, मशीनचा आवाज. तो जड झाला. घोगरा झाला. पोटात काहीतरी मोठं, ओलं गेल्यासारखा अडखळला. मग बंद पडला. आणि बंद पडलेलं मशीन चालू मशीनपेक्षा भयंकर असतं, कारण मग माणसाचा आवाज ऐकू यायला हवा... तो येत नव्हता.

जाताना रागानं आपटलेल्या फाटकाची कडी अडकून बसली होती, ती सोडवण्यात दोन मिनिटं गेली; मग ती वळसा घालून मागे आली.

गणराज मशीनवर ओणवा झाला होता. उजवा हात कोपरापर्यंत मशीनच्या तोंडात. पांढऱ्या शर्टावर लाल शिंतोडे. खाली गवतावर लालभडक थेंब पडत होते, एक, आणखी एक...

"गण्या!"

आयुष्यात तिनं त्याला असं कधी हाकारलं नव्हतं.  ती पोचली, त्याचा दंड धरला आणि ओरडली, "हलू नको! ओढू नको! मी बघते, मी..."

गणराजनं दचकून वळून पाहिलं आणि हात बाहेर काढला.

अख्खा हात. रक्तासारखा लाल, मुठीत लाल चोथा. रचनानं ती मूठ उलगडली. एक. दोन. तीन. चार. पाच. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा अंगठ्यापासून मोजली, एकेक बोट चिमटीत धरून.

"पाचच आहेत," तो हळूच म्हणाला. "सकाळीही पाचच होती."

"रक्त..."

"मायाळू आहे गं. फळं पिकलीत ना... सगळा रस. बघ की."

ती मटकन खाली बसली, त्याच गवतात. आणि मग तिला रडू आलं. असं रडू की मध्येच हसू यायचं, आणि हसताना पुन्हा रडू. त्याचा हात तिनं सोडला नव्हता. अंगातून काहीतरी भलंमोठं ओझं उतरत होतं, आणि ते आजचं नव्हतं, जुनं होतं. गिरणीच्या पट्ट्यापासूनचं.

"चावी?" तिनं नाक पुसत विचारलं.

त्यानं डाव्या हातानं खिसा थोपटला. "माझ्या खिशात. बंद केलं, चावी काढली, शंभर मोजले. ड्रम थांबलेला डोळ्यांनी बघितला. चार नंबर. विसरलो नव्हतो गं मी, तुला उगाच सांगायचो."

"तरी हात घालायचा नाही! काठी कशाला दिलीस मला मग? काठीनं काढायचा चोथा! आणि नुसता मायाळू कोंबलास आत? सुकी फांदी कुठाय?"

"दोन नंबर चुकला," तो म्हणाला. "रागात होतो."

"कुणावर?"

"माझ्यावर."

तेव्हा तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. लाल रस तिथंही होता. पण दोरा नव्हता. सगळं मनगट उन्हानं रापलेलं, आणि दोऱ्याच्या जागी गोऱ्या कातडीचं एक वळं.

"दोरा कुठाय?" तिनं त्याचं मनगट उलटसुलट करून बघितलं. "मशीनमध्ये गेला?"

"नाही. आईला दिला परत. चहाच्या ताटलीत ठेवला, त्या कागदाच्या पेल्यांशेजारी." तो आता तिच्यासमोर गवतात बसला. "आई म्हणाली, लग्न जमेपर्यंत काढायचा नाही. मी म्हटलं, जमलं. ती म्हणाली, कुणाशी? मी म्हटलं, जिला तू कागदात चहा दिलास तिच्याशी."

 लांबून समुद्राची गाज येत होती.

"हे तेव्हाच बोलायला हवं होतं मी," गणराज म्हणाला. "तुझ्यासमोर. कप हातात होता आणि जीभ उचलली नाही. तू उठून गेलीस तेव्हा उचलली. उशीर झाला. तेवढा उशीर माझ्या नावावर आहे, तो काही मी पुसत नाही."

 रचनाच्या भुवया जवळ आल्या.

"थांब. आईला सांगितलंस. मला विचारलंस का?"

"अं... नाही."

"जमलं म्हणे! कुणाचं जमलं? मला न विचारता?"

"आईला विचारायचं नव्हतं, म्हणून सांगून टाकलं," तो घाईघाईनं म्हणाला. "तुला सांगायचं नाही, म्हणून विचारतोय... म्हणजे आता विचारतोय. रचना, तू..."

"अगं बाई! रगात! माज्या पोराचा हात!"

मागच्या दारात गोदूबाई उभ्या होत्या. एका हातात दोरा, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरलेली. त्या पडत-धडपडत आल्या, पोराचा हात हिसकावून घेतला आणि त्यांनीही बोटं मोजली. मग त्याच हातावर सणसणीत चापट मारली.

"मेल्या, मायाळू हाय हा!"

"तेच सांगतोय कधीचा," गणराज हात चोळत म्हणाला. "पाचच बोटं, दोघींनी मोजली."

गोदूबाईंनी रचनाकडे पाहिलं. गवतात बसलेली, डोळे सुजलेले, नव्या कुर्त्याला लाल डाग, आणि दोन्ही तळवे लालभडक. कुणीतरी आपल्या आधी या पोराची बोटं मोजली, हे त्यांना दिसलं.  दोऱ्याचा गोंडा बोटांत फिरवत उभ्या राहिल्या.

"ह्यो उद्या देवीला सोडून येते," शेवटी म्हणाल्या. "फेडायचा तर नारळ लागंल." आणि आत जाता जाता, पाठ वळवूनच, "चहा पुन्ना टाकते."

या वेळीही कानाचे कप दोनच होते आणि माणसं चार. घरात सोनेरी काठाचे कप दोनच. गोदूबाईंनी एक रचनापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

एका कपानं पिढ्यांचं काही फिटत नाही. रचनाला ते माहीत होतं, कुणी तिला गोड बोलून फसवू शकलं नसतं. पण दोन्ही हातांनी पुढे केलेला कपही तिला दिसत होता.

"मावशी, आधी भिमाबाईंना द्या," ती म्हणाली.

गोदूबाई विहिरीच्या काठावर अजून बसून राहिलेल्या भिमाबाईंकडे वळल्या आणि कप त्यांच्यापुढे धरला. भिमाबाईंनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या. "पन कागदाची चव न्हाय."

मग दुसरा कप रचनानं घेतला. गणराज आणि त्याच्या आईनं स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला, फुंकर मारत, बोटं भाजून घेत.

ऊन कलायला लागलं तसा उरलेला मायाळू दोघांनी मिळून संपवला. तो वीतभर तुकडे करत होता, मध्ये सुकी फांदी ठेवत होता. ती बाजूला उभी राहून तासलेल्या काठीनं ढकलत होती. नळकांड्यातून हिरवा-लाल चुरा भुरभुरत माडाच्या आळ्यात पडत होता. मशीन एकदाही अडकलं नाही.

"उत्तर राहिलं," इंजिन बंद झाल्यावर तो म्हणाला. त्यानं चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. "घे."

रचनानं चष्मा वर सरकवला. चावीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि टोपी झटकत टेम्पोकडे चालायला लागली.

भिमाबाई आधीच बसल्या होत्या. "सगळं घेतलं न्हवं? मशीनची चावी कुठाय गं?"

रचनानं टेम्पो सुरू केला. आरशात तो दिसत होता. हातात चावी, चेहऱ्यावर काही न कळल्याचा भाव... आणि मग हळूहळू कळल्याचा. त्यानं चावी खिशात टाकली.

"आहे," ती म्हणाली. "त्याच्या खिशात."